सुमित्राच्या कपाळावरचं मलम

राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, तशी आमच्यासारखी कारकुनांची बिऱ्हाडंही हलली. एका रांगेत सारखी क्वार्टर्स, मनात येईल तेव्हा पाणी देणारा नळ आणि अंगण म्हणून नुसती खडी. आमच्या भिंतीला भिंत लागून नीळकंठराव राहायला आले. त्यांची आई, बायको सुमित्रा आणि मांडीवरचा उदय. सुमित्रा अमरावतीची, मराठी सातवी झालेली. हसली की दोन क्वार्टर्स पलीकडे ऐकू जायचं. भाजीवाल्याशी हिंदीत भांडण सुरू करायची आणि हिंदी संपली की मराठीत जिंकायची.

पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या कपाळाला खाज सुटली. दोन भुवयांच्या मधोमध बारीक पुरळ आलं. सासूबाईंनी ट्रंकेतून गजकर्णाच्या मलमाची डबी काढली.

"माझ्या कमरेचं गजकर्ण यानंच गेलं. झोंबेल जरा. झोंबलं म्हणजे समज, लागू पडतंय."

मलम झोंबलं, म्हणून सुमित्राला धीर आला. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त लावलं. एकदा सकाळी मी साखर मागायला गेले, तर ती आरशासमोर बसलेली. मलमाच्या डबीत बोट फिरवून कपाळावर गोल टेकवलं आणि त्यावरच कुंकू दाबलं.

"अगं, कुंकवाखालचं मेण कुठाय तुझं?"

"इथल्या उन्हात मेण नाकावर ओघळतं, वहिनी. मलमावर कसं छान बसतं बघा. मलमाचं मलम, मेणाचं मेण!" आणि हसली. ते तिचं हसणं मी पुढे बरेच दिवस ऐकलं नाही.

नीळकंठराव कचेरीच्या उरलेल्या फायली आणायला नागपूरला गेले होते. ते गेल्यावर एका दुपारी सुमित्रा दारात उभी राहिली. उदयला तिनं अंगापासून लांब, हात ताठ करून धरलं होतं.

"याला घ्या, वहिनी. मी शिवायला नको याला."

मी पोर घेतलं. तिनं पदरानं कपाळ पुसलं. कातडी सोलवटून निघाली होती, कडेच्या फोडांतून पाणी येत होतं आणि मधे पांढुरका डाग दिसत होता.

"महारोग आहे," ती म्हणाली. "आमच्या आळीतल्या एका बाईला असाच डाग आला होता. तिचं पोर तिच्या बहिणीनं वाढवलं."

"काहीतरीच बोलू नकोस. दवाखान्यात चल."

"आणि तिथे नाव लिहून घेतलं म्हणजे? क्वार्टर जाईल, यांची नोकरी जाईल. मला कुठेतरी नेऊन टाकतील." माझा हात धरायला पुढे आली आणि मधेच थांबली. "तुम्हाला माझी शपथ, सासूबाई सोडून कोणाला सांगू नका."

तिनं आपलं ताट, तांब्या वेगळा केला. उदयला सासूबाई आणि मी वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजू लागलो. तो तोंड फिरवायचा. जे पोटात जाई ते टिकत नसे. पलीकडच्या खोलीतून सुमित्रा विचारायची, "घेतलं का? किती घेतलं?" तिच्या चोळ्या दुधानं भिजत. मोरीत जाऊन पिळून टाकायची आणि डोळे पुसत बाहेर यायची. मलम मात्र आता सकाळ-संध्याकाळ चालू होतं. जितकी आग होई, तितका तिला भरवसा वाटे.

मग एक दिवस माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "आज चोळी कोरडी आहे, वहिनी."

त्या दिवशी उदय रडतही नव्हता. टाळू खाली गेली होती, ओठ सुकले होते. सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुंटीवरचं लुगडं ओढलं.

"ऊठ, सुमे. रोग असला तर असू दे. नोकरी गेली तर पुन्हा नागपूरला जाऊ. पोर कुठून आणू मी?"

टांग्यात सुमित्रा पुढे टांगेवाल्याशेजारी बसली, आमच्याकडे पाठ करून.

दवाखान्यातल्या डॉक्टर सक्सेनाबाईंनी आधी बाळाला पाहिलं. साखर-मीठ घातलेलं उकळून गार केलेलं पाणी नर्सला हळूहळू पाजायला लावलं. मग सुमित्राला समोर बसवलं. "आँखें बंद. जहाँ छुऊँ, बताना."

कापसाचा बोळा डागावर टेकला. "इथे," सुमित्रा म्हणाली. मग सुई.

"आई गं!"

"दर्द हुआ?"

"झाला ना! टोचता कशाला?"

बाईंनी तिच्या कोपरामागची शीर सुजली आहे का ते चाचपलं, हातपाय उजेडात फिरवून पाहिले. मग त्या म्हणाल्या की त्या रोगाच्या डागाला बहुधा टोचलेलं कळत नाही, आणि दुसरी कसलीही खूण यांच्या अंगावर नाही. डाग इतका गोल कसा, हेच त्यांना खटकत होतं. "यहाँ क्या लगाती हो?"

मीच मलमाची आणि कुंकवाची हकीकत सांगितली. नागपूरचं कुंकू संपल्यावर चौकातून आणलेली भडक लाल पुडी, हेही सांगितलं.

सक्सेनाबाईंनी कपाळावर हात मारला. मलम गजकर्णाला चांगलंच आहे, त्या म्हणाल्या, पण ते कातडी सोलतं. कमरेच्या जाड कातडीला चालतं, कपाळाला नाही. आणि हे गजकर्ण नव्हतंच. आधी त्या पुडीतला रंग चावला, मग मलमानं भाजलं. थोडं चुरचुरणं वेगळं. फोड आले की औषध तिथेच थांबवायचं.

"पांढरं भरून येईल ना?" सासूबाईंनी विचारलं.

"शायद. महीने लगेंगे. पूरा न भी भरे." आणि मग, "कुंकू बंद. कुछ नहीं लगेगा माथे पर."

"नवरा गावाला गेलेला आणि हिचं कपाळ पांढरं?" सासूबाईंचा आवाज चढला. "लोक दारात येऊन काय विचारतील, ठाऊक आहे तुम्हाला?"

"तो लोगों को मेरे पास भेज दीजिए."

सासूबाई घुश्शात खिडकीकडे वळल्या. तिकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "मंगळसूत्राच्या वाट्यांना लावीन मी रोज कुंकवाचं बोट. कपाळ राहू दे मोकळं."

सुमित्राचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ती नर्सच्या हातातल्या उदयकडे बघत होती.

"याला घेऊ?" तिनं विचारलं. "पाजू? माझ्या फोडांचं पाणी लागलं त्याला, तर?"

"फौरन पिलाओ. पट्टी बाँध देती हूँ."

"पण नसेलच उरलं तर?"

बाईंनी कपाळावर पट्टी बांधली आणि पोर तिच्या ओटीत ठेवलं.

व्हरांड्यातल्या बाकावर सुमित्रा भिंतीकडे तोंड करून बसली. उदयनं धरलं, सोडलं, कुरकुरला. पुन्हा धरलं. सासूबाई समोर उभ्या राहून आडोसा करत होत्या.

"येतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"कळत नाही," सुमित्रा म्हणाली. "पण ओढतोय. जोरात ओढतोय."