धारूरच्या डोंगरात टेंभरं पिकतात तेव्हा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आई जेवता जेवता म्हणाली, "आता टेंभरं पिकली असतील."

ताटात हापूसच्या फोडी होत्या, त्यांना तिनं हात लावला नव्हता. टेंभरं म्हणजे काय ते मी विचारलं. "टेंभुर्णीची फळं. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात ना, ते झाड," एवढं बोलून ती पुन्हा भात कालवायला लागली.

बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षं, आई पुण्यात माझ्याकडे आहे. मामा वारले, शेत विकलं गेलं, तेव्हापासून तिनं माहेरचा विषय काढला नव्हता. मला माहेरी ने, असं ती त्या दिवशीही म्हणाली नाही. मीच शनिवार-रविवारला जोडून दोन दिवसांची रजा टाकली.

पहाटे पाचला निघालो. नगर, आष्टी, जामखेड, मांजरसुंबा, केज. मांजरसुंब्याच्या घाटात थांबून चहा घेतला. जाणार असाल तर पहाटेच निघा, अकरानंतर ऊन गाडीतही सोसवत नाही. आईच्या गुडघ्यांमुळे मुक्काम अंबाजोगाईत ठेवला. दवाखाने जवळ, आणि साधी स्वच्छ खोली हजाराच्या आत मिळाली. रात्री आईला झोप लागली नाही. सकाळी सहाला ती पातळ नेसून, पिशवी घेऊन दारात उभी होती.

धारूर ओलांडलं की तेलगावकडे उतरणारा घाट लागतो. आईचं गाव त्याच डोंगराच्या अंगाला. दोन्ही बाजूंना सीताफळीची हिरवी झुडपं, बाकी सगळं करपलेलं. गावाबाहेर एका कडुलिंबाखाली शेळ्या बसल्या होत्या आणि एक म्हातारी काठीला हनुवटी टेकून उभी होती. आईनं काच खाली केली.

"मुक्ते."

म्हातारीनं डोळ्यांवर हात धरला. "कोन हाय?" ती दोन पावलं पुढं आली. "शांती हाय का गं?"

"हाय."

मुक्ताबाई आईची लहानपणची मैत्रीण. तिच्या घरी शेळ्या-मेंढ्या, आईच्या घरी शेती. दोघी मिळून गुरं-शेळ्या डोंगरावर न्यायच्या. मुक्ताबाईला गावातच दिलं; आई लग्न होऊन गेल्यावर दोघी एकदोनदाच भेटल्या असतील. रडारड झाली नाही. मुक्तामावशीनं आईचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

"एवढ्या उन्हात कशाला आलीस?"

"टेंभरं खायला."

"वढ्याकडंची टेंभुर्णी रस्त्यात गेली की. लई वर्षं झाली."

आईच्या चेहऱ्याकडे बघून मावशी घाईनं म्हणाली, "वर खडकाच्या मागं एक हाय पण. चढवंल का तुला?"

चढण्याची आईला डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. मी तसं सांगितलं. दोघींनी ऐकून घेतलं आणि चालायला लागल्या.

वाट अशी नाहीच. मुरूम, काटेरी बोरीची जाळी, वाळलेलं कुसळी गवत. बूट घाला, पाणी जास्तीचं घ्या. चालताना आईचं बोलणं बदलत गेलं. पुण्यात 'नाही' म्हणणारी आई 'न्हाई' म्हणायला लागली. एका झुडपापाशी थांबून तिनं पान चुरगाळलं, हुंगलं आणि नाव सांगितलं. मी ऐकलं आणि लगेच विसरले, कारण माझं लक्ष तिच्या गुडघ्यांवर होतं. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली.

"तुमी जावा," ती म्हणाली. चेहरा घामानं भिजला होता. तिनं वरच्या खडकाकडे पाहिलं, मग मान फिरवली.

झाड फार उंच नव्हतं. काळी, चौकोनी भेगा पडलेली साल. फांद्यांवर लिंबाएवढी पिवळी फळं. मी एक तोडून चावलं आणि सगळं तोंड तुरट होऊन जीभ जड झाली. मावशी पदर तोंडाला लावून हसली.

"तोडलेलं खाऊ न्हाई. झाडानं सोडलेलं घ्यावं. हे बघ, देठाची टोपी सुटती का? मग पिकलं."

पाचोळ्यातून वेचलेलं फळ तिनं माझ्या हातावर ठेवलं. ठिसूळ साल, आत पिवळा मऊ गर, चार चपट्या बिया. चिकूच्या जवळची, पण त्याहून कोरडी गोडी. दहा-बाराच घेतली. "बाकी कोल्ह्याला, पाखरांना," मावशी म्हणाली.

"तुम्हाला ही सगळी झाडं कुणी शिकवली?" मी विचारलं.

"तुझ्या आईनंच की. मला काय येत व्हतं? कोनतं खायाचं, कोनतं नुसतं हुंगायचं, रानातलं शेंदाड कवा गोड हुतं, भोकराचा चीक कशानं जातो, समदं तिला ठाव. गावातल्या बाया तिला इचारायच्या. एवढीशी व्हती."

मी मंडईत आईला नेहमी म्हणते, तू थांब, मी निवडते.

खाली आलो तेव्हा आई त्याच दगडावर होती. मावशीनं पदरातली टेंभरं तिच्या ओटीत घातली. आईनं एक उचललं, साल काढली, डोळे मिटून खाल्लं. मग दुसरं. बिया ती एकेक करून पायाजवळच्या मुरमात बोटानं दाबत होती.

"तशीच हायेत का?" मावशीनं विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "वढ्याकडंची जास्त गोड व्हती." आणि तिसरं उचललं.

दुपारी मावशीच्या सुनेनं भाकरी, पिठलं आणि भोकराचं लोणचं वाढलं. मी निघायचं म्हटलं, तेव्हा आई उठली नाही.

"मी पाऊस पडेपर्यंत हितं राहते."

मी गोळ्या, गुडघे, दवाखाना, सगळं काढलं. माझा आवाज चढला. आईनं माझं संपू दिलं.

"पुण्यात मला कुणी काही विचारत न्हाई गं," ती म्हणाली. "ही सकाळपासून विचारतीय."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी गाडीतून गोळ्यांची पिशवी आणली, सुनेला वेळा लिहून दिल्या आणि निघाले. केजपर्यंत बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघायचं टाळलं.

तुम्ही गेलात तर गावातलं कुणी सोबत घ्या; अनोळखी फळ तोंडात घालू नका, आणि पिशव्या भरून आणू नका. मी आणलेली पाच टेंभरं तिसऱ्या दिवशी मऊ पडली. उभ्याउभ्या ओट्यापाशी खाल्ली. माझ्या जिभेला ती गोडच लागली. ओढ्याकडच्या झाडाची गोडी मला कधीच कळणार नाही.

घर मोठं वाटतं. संध्याकाळी फोन केला की पलीकडून शेळ्यांचा आवाज येतो. पहिले दोन दिवस मी गोळ्यांचंच विचारलं. काल विचारलं, "त्या दिवशी तू पान चुरगाळून हुंगलंस, त्या झुडपाचं नाव काय होतं?"

आई म्हणाली, "वही घे."