मऊ हाय, दाब गड्या

हे सांगणं मी आजवर टाळलं. शाळाशाळांतून भाषणं दिली, पदकं लावून फोटो काढून घेतले; पण त्या उतारावर वायरलेसवरून मी काय बोललो, ते बायकोलाही सांगितलं नाही.

मी कोरेगावचा, उसाच्या रानातला. माझा जोडीदार जतकडचा, मेंढपाळाच्या घरातला. दोघांनीही बर्फ पहिल्यांदा पाहिला तो फौजेत, काश्मिरात. तिथंच स्कीइंग शिकलो आणि पलटणीच्या संघात आलो. मी ताकदीनं उतरायचो. तो मेंढरांमागं डोंगर उतरावा तसा, गुडघे सैल सोडून, मजेत यायचा. परदेशी जाणाऱ्या संघात एकच जागा उरली होती. ती त्याचीच, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शर्यतीत बर्फात रोवलेल्या दांड्यांना वळसे घालत खाली यायचं असतं. आधी उतरलेल्यानं वर थांबलेल्या आपल्या गड्याला वाट कशी आहे ते वायरलेसवरून सांगायचं, ही आमची रीत. दुसऱ्या पलटणींना कळू नये म्हणून आम्ही दोघं गावच्या बोलीत बोलायचो. त्या दिवशी मी आधी उतरलो. खालच्या वळणावर बर्फ काचेसारखा कडक झाला होता. मी कसाबसा सावरलो, पण वेळ गेलाच.

वरून त्यानं विचारलं, "खालचं वळण कसं हाय रं?"

"मऊ हाय. दाब गड्या."

"बघ हां, तुझ्या भरवशावर सोडतुया."

"सोड की! का मेंढरं आठवाय लागली?"

तो हसला आणि निघाला. त्यानं वेग जराही आवरला नाही. त्या वळणावर स्की निसटल्या आणि तो दांड्यांपलीकडच्या झाडावर आदळला. गुडघ्याचा चेंदामेंदा झाला. स्ट्रेचरवरून म्हणाला, "तू सांगूनबी माझंच चुकलं रं." मी होकारार्थी मान हलवली.

जागा मला मिळाली. परदेशात मी शेवटच्या लोकांत आलो, तरी कोरेगावात माझी जीपमधून मिरवणूक निघाली.

गेल्या वर्षी जतला गेलो, खरं सांगायचं ठरवूनच. तो काठी टेकत अंगणात आला. गावात त्याला लंगड्या म्हणतात. हा कधी बर्फावरून पळायचा, हे कुणाला पटत नाही. नातवंडांना गोळा करून तो म्हणाला, "ह्येला इचारा, मी पळायचो का न्हाई ते!"

"लय पळायचा," मी म्हणालो.

"आवं भावजी, मग ह्ये पडलं कसं?" त्याच्या बायकोनं विचारलं.

सगळे माझ्याकडं बघू लागले. तोही.

"जरा उतावळाच व्हता."

नातवंडं खिदळली. तोही मान खाली घालून हसला. मग तिनं मटण वाढलं, ते मी पोटभर जेवलो.

निघताना तो लंगडत गाडीपर्यंत आला आणि "परत ये" म्हणाला. माझं जाणं झालं नाही, आणि पावसाळ्यात तो गेला. त्या दिवशी गाडीची काच खाली करून मला एवढंच म्हणायचं होतं: बरफ मऊ नव्हता रं गड्या. मला ठावं व्हतं. माफ कर मला.