विल, वुड आणि कानशील

आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना स्वतःचे हात दुखवून घ्यायची हौस नव्हती. मारायचं काम ते पोरांकडूनच करून घेत. प्रश्न रांगेने फिरायचा. ज्याला उत्तर येई त्याने आपल्याआधी चुकलेल्यांच्या कानशिलात भडकवायची. हलकी मारली, तर मास्तर त्यालाच जोराची मारून दाखवत. निजामाच्या राज्यात परभणीची शाळा उर्दूतून चाले, इंग्रजीसुद्धा उर्दूतूनच. "बात पक्की तो विल, बात हवा में तो वुड," हा मास्तरांचा मंत्र. पाऊस आला तर पेरीन, हे विल. घोडा असता तर बसलो असतो, हे वुड. माझ्या डोक्यात पक्कं आणि हवेतलं कधी वेगळं झालंच नाही.

आम्ही दोघे भाऊ पिंगळीहून आगगाडीने एकाच वर्गात यायचो. मी पुढे बसे, दादा माझ्यामागे, त्याच्यामागे एका देशमुखांचा मुलगा. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावलं होतं, "यंदा इंग्रजीत जो नापास व्हईल त्यानं नांगर धरायचा." दादाला तर स्टेशनमास्तर व्हायचं होतं. आणि हा पठ्ठ्या प्रश्न आला की मूग गिळून उभा! मग देशमुखांचा मुलगा उत्तर देई आणि आम्हा दोघांच्या कानाखाली जाळ काढी. मला माझ्या मारापेक्षा दादाच्या ठोंबपणाचा संताप येई.

एकदा त्या मुलाच्या बोटात नवी अंगठी होती. माझा कान फाटला, सदऱ्यावर रक्त सांडलं. मास्तरांनी पुढचा प्रश्नही मलाच घातला. मी रडत काहीतरी बरळलो. तेवढ्यात दादा उठला आणि त्याने बरोबर उत्तर दिलं. मास्तरांनी चमकून आणखी वाक्यं घातली. एकही चुकलं नाही.

"शाबास! अब लगाओ," मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

दादाने माझ्या कानाकडे पाहिलं. "न्हाई मारणार."

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत दिली आणि पुन्हा सांगितलं. तो हलला नाही. मग त्यांनी छडी घेतली आणि त्याची पाठ, मांड्या, बोटं फोडून काढली. छडी मोडली तेव्हा उरलेला तुकडा माझ्यावर उगारला. दादाने तो हिसकला आणि मास्तरांच्या तोंडावर हाणला. त्यांचा ओठ फुटला. त्याच दिवशी शाळेतून दादाचं नाव कापलं.

"येत व्हतं तर आजवर गप का बसलास?" आबांनी घरी विचारलं.

"बोललो असतो तर ह्याला मारावं लागलं असतं."

मला वाटलं, आता तरी आबा शाळेत जाऊन भांडतील. ते गेले नाहीत, याची मला अजून चीड येते. सकाळी त्यांनी नांगराला बैल जुंपले. दादाची सुजलेली बोटं मिटत नव्हती, म्हणून कासरा त्याच्या मनगटाला गुंडाळून दिला, आणि मला म्हणाले, "पळ, गाडी चुकंल."