मिश्रीच्या जागी तार

आधीच सांगून टाकतो: तार मी बांधली होती. सात वर्षं ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर तिच्याशिवाय लिहिता येत नाही.

ते पांढुर्ण्यात आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते, अठरा वर्षं रोजंदारीवर. मी विज्ञान शिकवायचो. तुम्ही त्यांना पाहिलं असतं तर आधी हात दिसले असते. बोलतानाही बोटं काहीतरी पिळत, जुळवत असायची. कौतुक केलं की म्हणायचे, "बुडायले कोनीबी बुडते सर. वर यायची सोय पाहा."

त्या वर्षी ते पाणबुडी करत होते. पाइपाचा हातभर तुकडा, पुढे बरणीचं पारदर्शक झाकण, आत मोडक्या माळेतले चार दिवे. सौंसरच्या विज्ञान प्रदर्शनात ती चालली तर त्यांच्या कायम होण्याची फाइल पुढे पाठवतो, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं.

दिवे लागले, पण पाणबुडी कुशीवर पडायची. त्यांनी पोटात रेती भरली. ती एका टोकाला सरकली आणि पाणबुडी नाकावर उभी राहिली. मी हसलो.

"हसून घ्या सर. तिले अजून पोट सांभाळता येऊन नाही राहिलं."

मग पंक्चरवाल्याकडून चाकांना लावायचे शिशाचे तुकडे आणून त्यांनी तळाला ओळीनं चिकटवले. ती सरळ तरंगू लागली. बाहेर आणखी एक तुकडा लटकवला की ती तळाशी जायची. शाळेच्या हौदातून आम्ही ती दोरीनं ओढून काढायचो.

"सौंसरलाही दोरी?" मी विचारलं.

"नाई लागत. कशी वर येते, तिथंच पाहा."

प्रदर्शनाच्या सकाळी ते टाकीसाठी पाणी आणायला गेले. मी पाणबुडी उचलली. बाहेरचं शिसं धाग्याच्या मिश्रीला, म्हणजे दोऱ्यावरच्या खडीसाखरेला, बांधलेलं, मिश्रीला मुंग्या. मला वाटलं, प्रसादाची मिश्री, नवस केला असेल. विज्ञानाच्या प्रदर्शनात नैवेद्य! अधिकारी हसतील म्हणून मी ती तोडून फेकली आणि शिसं तांब्याच्या तारेनं घट्ट आवळलं. त्यांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, नवसाची तर ते थट्टा करायचे. हे मला माहीत होतं, तरी सुचलं नाही.

पाणबुडी दिव्यांसकट खाली गेली.

"आता मिश्री विरघळन साहेब, शिसं गळन, अन् हे आपोआप वर येईन," ते अधिकाऱ्यांना म्हणाले.

तेव्हा मला कळलं. तरी तोंड उघडलं नाही. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. दिवे मंदावले.

"काढा बाबा, हिची तर तेरवीच करा लागते!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

त्यांनी कोपरापर्यंत हात घालून ती काढली. तार पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझीच चूक झाली साहेब," ते म्हणाले.

फाइल गेली नाही. पुढच्या वर्षी रोजंदारीही सुटली. बोरगावकडे संत्र्याच्या बागांत फवारणीला जाऊ लागले. रस्त्यात भेटले की "बरे हाय ना सर?" एवढंच. तारेबद्दल कधी एक शब्द नाही. या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या सभेत लोक दोन-दोन शब्द बोलत होते. माझ्या हाती माईक आला. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. लिहून आणलेला कागद मी खिशात घातला.

"वहिनी, पाणबुडी वर आली नाही ती त्यांच्या चुकीनं नाही. मी त्यांना न विचारता मिश्री तोडली, तार बांधली. लोक त्यांना हसत होते तेव्हा मी बाजूलाच उभा होतो, गप्प. हे ते असताना बोलायला पाहिजे होतं, मला हिंमत झाली नाही. त्यांची माफी आता मागता येत नाही. तुमची मागतो."