उस्ता बयूमींचं मधलं बोट

आमच्या दुम्यात शहरात दर दुसऱ्या घरात सुतारकाम चालतं आणि प्रत्येक घरात त्याची बढाई. उस्ता, म्हणजे उस्ताद कारागीर, बयूमींना मात्र बढाईची गरज कधी पडली नाही. अक्रोडाच्या लाकडात ते द्राक्षांचा घोस कोरायचे, तो बघून मला खरोखर भूक लागायची. मग एका हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. पाय सावरला, जीभ सावरली (ती आणखी थोडी उशिरा सावरली असती तरी आमच्या कानांची तक्रार नव्हती). उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला.

त्याच सुमाराला आमच्या कारखान्याच्या मालकीणबाई, हाज्जा इन्साफ, यांनी कोरीवकामाचं संगणकी मशीन आणलं. बयूमींना त्यांनी सरळ सांगून टाकलं, की हे शिकलात तर तुमची जागा तुमची, नाहीतर घरी बसून चहा प्या.

मशीन बसवायला इंजिनिअर रिफअत आला होता. बिट, म्हणजे लाकूड कोरणारं फिरतं पातं, तीन दिशांना सरकतं, तो सांगायचा: आडवं, पुढेमागे, वरखाली. प्रत्येक दिशेला तो अक्ष म्हणायचा. अक्षाची एक बाजू अधिक, उलटी बाजू उणे. पहिल्या दोन अक्षांचे बाण मशीनवरच रंगवलेले होते. तिसऱ्याचं बोटांना विचारायचं. अंगठा उजवीकडे धरा, तर्जनी समोर, मधलं बोट तळव्याच्या बाजूला काटकोनात वळवा. ते जिकडे बघेल ती अधिक बाजू. पाठ करू नका, म्हणाला, मशीन बदललं की बाण बदलतात, बोटं बदलत नाहीत. उजव्याच हाताची बोटं, असं तो म्हणाला होता की नाही कुणास ठाऊक. आमच्यात हात म्हटला की उजवाच. डावा कुणी चारचौघांत पुढे करत नाही.

बयूमी तर मुळीच नाही. लकव्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बाकल्याची उसळ आणि रोटी खायचे. कुणी सलामासाठी हात पुढे केला की नुसती मान झुकवायचे. मशीनपुढे बसले, की डावा हात टेबलाखाली आणि ओठ हलताहेत. आम्हाला वाटायचं, जप चाललाय.

मी एकदा विचारलंही, "उस्ता, दुआ मशीनसाठी मागताय की मशीनविरुद्ध?"

"तुझ्या अकलेसाठी," ते म्हणाले. "मशीन आपलं आपण शिकेल."

परीक्षेला मशिदीचं काम निघालं: कुराण ठेवायच्या लाकडी आसनाची फळी. नक्षी संगणकात तयार होती. कोरून झाल्यावर बिट वर उचलायचा शेवटचा हुकूम तेवढा बयूमींनी लिहायचा होता. हाज्जा चष्मा सावरून शेजारी उभ्या राहिल्या. फूल पाकळीपाकळीने उमललं, अगदी बयूमींच्या हातचं वाटावं असं. आणि मग वर यायचं सोडून बिट खाली घुसलं. फुलाच्या मधोमध, आरपार, किंचाळत. मी मशीन बंद करेपर्यंत ते तुटलं होतं. जळक्या लाकडाचा वास सुटला.

बयूमींनी खुंटीवरची शाल काढली.

"उस्ता, कुठे निघालात?" हाज्जांनी विचारलं.

"चहा प्यायला."

मी दारात आडवा झालो. वर जायला उणे का लिहिलंत, तेवढं दाखवा म्हटलं. ते नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले. तेव्हा हाज्जा त्यांच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मग शालीआडून डावा हात बाहेर आला. अंगठा उजवीकडे, तर्जनी समोर. तसं करताना तळवा जमिनीकडे वळला आणि मधलं बोट खाली.

डावा हात म्हणजे उजव्याचं आरशातलं रूप. दोन बोटं जुळवली की तिसरं उलटं जाणारच. मी माझा उजवा हात शेजारी धरून दाखवला. त्यांनी दोन्ही हात बराच वेळ न्याहाळले, आणि माझा बाजूला सारला.

मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि मशीनच्या पाटावर उताणा ठेवला. अंगठा ओढून उजवीकडे केला. तर्जनी सरळ करून धरली, दुखली असावी. मधल्या बोटाला काहीच करावं लागलं नाही. लकव्याने ते आधीच आखडून छताकडे वळलेलं होतं.

"वर," ते म्हणाले.

"फळीचं मी बघते," हाज्जा भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "उद्या या. आणि येताना दोन्ही हात घेऊन या."

आता रोज सकाळी बयूमी आधी तो हात पाटावर मांडतात. तोवर मशीनला कुणी शिवत नाही, आणि तेवढा वेळ माझं तोंडही बंद असतं.