मताचा घोळ

"फक्त तुझा साइन-ऑफ राहिलाय," लिंडा म्हणाली. "दुपारी रिलीज आहे."

लिंडा माझी बॉस. मिनियापोलिसच्या शेजारी ईडन प्रेरीत आमची छोटीशी पोलिंग कंपनी आहे. निवडणुकीआधी लोकांना फोन करायचे, कोणाला मत देणार ते विचारायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा, हा आमचा धंदा. मी तिथली स्टॅटिस्टिशियन. कुठलाही आकडा बाहेर जाण्याआधी माझी मान हलावी लागते. ती सहजासहजी हलत नाही, असं ऑफिसात म्हणतात. माझा नवराही म्हणतो.

या वेळचा क्लायंट म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी अपक्ष उभ्या राहिलेल्या एका डॉक्टरबाईंची कॅम्पेन. दोन मोठे पक्ष सोडून कोणीही उभं राहिलं की इथे सरसकट थर्ड पार्टी म्हणतात, मागे पार्टी असो वा नसो. बाई हुशार होत्या, शांत बोलायच्या, कोणावर चिखल उडवायच्या नाहीत. मला स्वतःला फार आवडायच्या. पण आवडणं घरी ठेवून ऑफिसला यायचं असतं.

आम्ही उपनगरांतल्या भारतीय मतदारांचा सर्व्हे केला होता. वयस्कर लोक आपल्या भाषेत मोकळं बोलतात, म्हणून हिंदी, तेलुगू, गुजराती असे वेगवेगळे कॉल्स झाले. त्या तिन्ही भाषांत बाईंना जेमतेम पाठिंबा. मराठीत मात्र निम्म्याहून जास्त लोक बाईंच्या मागे.

कॅम्पेन मॅनेजर ग्रेग व्हिडिओ कॉलवर खुर्चीत बसायला तयार नव्हता. "मराठी व्होटर हीच आमची स्टोरी आहे. ते वळले की बाकीचे वळतील. बाकीच्या राज्यांतल्या सभा कॅन्सल करतो. शेवटचे सगळे आठवडे बाई मिनेसोटात."

म्हणजे एका बाईंची अख्खी लढाई या एका आकड्यावर उभी राहणार होती, आणि आकड्याखाली नाव माझं. पोल चुकला तर ग्रेगला दुसरी कॅम्पेन मिळते. पोलिंगवाल्याला दुसरं नाव मिळत नाही.

"मी साइन-ऑफ देत नाही," मी म्हटलं.

"कारण?"

"कारण मी मराठी आहे. आमच्या मंडळात गणपतीच्या जेवणाला मसालेभात की पुलाव यावरून मंडळ फुटायची वेळ येते. इतक्या मराठी लोकांचं एका नावावर एकमत होतं, तिथे काहीतरी पाणी मुरतंय."

लिंडाने घड्याळाकडे पाहिलं. "दुपारपर्यंत शोध. नाही सापडलं तर मी सही करते."

मराठी प्रश्न लिहून दिले होते आमच्या खानझोडेकाकांनी. काका रिटायर्ड इंजिनिअर, मूळचे वर्ध्याचे, इथल्या मंडळाचा आधारस्तंभ. डॉक्टरबाईंच्या कॅम्पेनमध्ये उन्हाळ्यापासून झोकून देऊन काम करत होते. आपल्या गाडीवर, गराजवर, काकूंच्या फुलझाडांमध्ये, सगळीकडे बाईंच्या नावाच्या पाट्या. कॉल करणारी माणसंही त्यांनीच जमवली होती. खरं तर कॅम्पेनच्या माणसाने प्रश्न लिहिणं मला तेव्हाच खटकलं होतं. पण मराठी भाषांतर करणारी एजन्सी मिळेना, म्हणून लिंडाने होकार दिला.

मी हेडफोन लावून रेकॉर्डिंग ऐकायला बसले.

"तिघांपैकी कोणाच्या बाजूने तुमचं मत आहे?" कॉल करणाऱ्या बाईंनी विचारलं.

पलीकडे कोणी काका होते. "आता बाजूने म्हणाल तर त्या डॉक्टरबाई बऱ्या वाटतात हो. शिकलेल्या आहेत. आरडाओरडा नाही."

"म्हणजे मत त्यांनाच?"

"माझं तरी मत तेच आहे."

टिक. पुढचा प्रश्न.

मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि एकटीच हसले. इंग्रजीत ओपिनियन वेगळं आणि व्होट वेगळं. आपण मराठी माणसं दोन्हीला मतच म्हणतो. प्रश्न एक विचारला गेला, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आलं, आणि दोघांनाही ते कळलं नाही.

दुसरं रेकॉर्डिंग त्याहून भारी. सुरुवातीला गाळणी प्रश्न असतो, समोरचा मतदार आहे की नाही हे तपासायला. काकांनी लिहिलं होतं, "तुम्हाला इथे मताचा अधिकार आहे का?"

"आहे की," एक मावशी ठणकावून म्हणाल्या. "या देशात सगळ्यांनाच आहे. जावई मात्र माझं ऐकत नाहीत." मावशी अकोल्याहून लेकीच्या बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. आमच्या हिशेबात त्या मिनेसोटाच्या पक्क्या मतदार.

काकांना फोन केला. ते लगेच आले, सोबत काकूंनी दिलेला चिवडा.

"अगं, मत म्हणजे मतच. त्यात चूक काय?"

"काका, तुमच्या जावयाबद्दल तुमचं मत काय?"

"चांगलं आहे. गुणी मुलगा."

"मंडळाच्या अध्यक्षपदासाठी त्याला मत द्याल?"

"छे! वेळेवर येतो कुठे तो?"

बोलून झाल्यावर काकांनी स्वतःच जीभ चावली. मग चिवड्याचा डबा माझ्याकडे सरकवला. "नवीन प्रश्न तूच लिही बाई."

मी लिहिला. मतपत्रिकेवर नावाशेजारी एक पोकळ गोल असतो, तो काळा करायचा असतो. म्हणून प्रश्न असा केला, "तुम्ही इथले सिटिझन आहात का? असाल, तर कोणाच्या नावाशेजारचा गोल काळा करणार?" मत हा शब्दच नाही. त्याच लोकांना परत फोन लावायला सांगितलं.

मी मुद्दाम त्याच पहिल्या काकांचा कॉल ऐकला. त्यांनी प्रश्न परत विचारायला लावला. मग म्हणाले, "गोल होय? गोलाचं वेगळं आहे हो. बाई चांगल्या आहेत, पण येणार थोड्याच आहेत? उगाच आपलं मत वाया."

अमेरिकेतल्या तिसऱ्या उमेदवाराची सगळी गोष्ट या उत्तरात आहे. इथे जवळपास प्रत्येक राज्यात ज्याला सर्वांत जास्त मतं, त्यालाच राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या मतांतला त्या राज्याचा सगळा वाटा मिळतो. दुसऱ्या नंबरला भोपळा, मग तिसऱ्याला कोण विचारतो? सगळीकडे थोडी थोडी मतं मिळवून काहीच हाती लागत नाही. लोकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून उन्हाळ्यात फोनवर राग काढायला ते तिसऱ्याचं नाव घेतात आणि मतपत्रिका हातात आली की आपल्याला नको असलेला माणूस कसा पडेल एवढंच बघतात. त्यातून तिसऱ्याने जास्त मतं खाल्लीच तर त्याला स्पॉयलर म्हणायचं, म्हणजे दुसऱ्याच्या ताटात माती कालवणारा.

दुपारपर्यंत निम्मेच कॉल झाले, पण तेवढे पुरले. मराठी आकडा धाडकन खाली आला आणि तेलुगू-गुजरातीच्या शेजारी जाऊन बसला.

ग्रेग भडकला. "तुम्ही प्रश्न बदलून माझा पाठिंबा मारलात."

"पाठिंबा जिथे होता तिथेच आहे," मी म्हटलं. "लोकांना बाई मनापासून आवडतात. हवं तर तसं छाप, त्यावर मी आत्ता सही करते. पण आवडतात म्हणजे मत देतील, असं छापलंस तर माझं नाव त्यावर येणार नाही."

आपणच सही करणार होतो हे ठाऊकच नसल्यासारखा चेहरा करून लिंडा ग्रेगला म्हणाली, "रिलीज कॅन्सल."

संध्याकाळी डॉक्टरबाईंचा स्वतःचा फोन आला. मी अपेक्षाच केली नव्हती. "पेशंटला खोटा रिपोर्ट दिलेला मला चालत नाही," त्या म्हणाल्या. "मग मलाही नको." सभा कॅन्सल झाल्या नाहीत, बाई ठरल्याप्रमाणे सगळीकडे फिरल्या. पडायच्या त्या पडल्याच. मिनेसोटातल्या त्या उपनगरांत त्यांना आमच्या दुसऱ्या आकड्याच्या आसपास मतं मिळाली, आणि आमच्या कंपनीकडे पुढच्या निवडणुकीची कामं आत्तापासून यायला लागली आहेत.

निवडणुकीनंतर मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात खानझोडेकाका भेटले. शाळेच्या कॅफेटेरियात फराळाच्या रांगेत माझ्या पुढेच होते. कोटावर बाईंचा बिल्ला तसाच. मला भरून आलं. म्हटलं, निदान हे एक मत तरी नक्की.

"वाईट वाटलं ना काका?"

"वाटणारच. एवढी चांगली बाई. माझं मत अजूनही तेच आहे."

मी गंमत म्हणून विचारलं, "आणि गोल?"

काकांनी चकली उचलली, परत ठेवली. मागे काकू कुठे आहेत ते पाहिलं.

"गोल दुसरीकडे काळा केला गं," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, आपल्या एका मतामुळे उगाच नको तो यायचा."