फिरनीच्या कटोरीतला फोन

ताजबीच्या दुकानाला पाटी नव्हती आणि कुणाला तिची गरजही वाटली नाही. मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून पत्र्याची एक खोली, आत जुना फ्रीज, एक लांब लाकडी फळी आणि मातीच्या कटोऱ्यांच्या चळती. त्या कटोऱ्यांत फिरनी. तांदळाची कणी दुधात इतकी आटवलेली की त्यात चमचा उभा केला तर तो जरा विचार करून मगच पडायचा. बंदरावरची माणसं अंगाला मासळीचा वास घेऊन यायची आणि तोंडात केवड्याचा वास घेऊन जायची.

बाई पंचेचाळिशीला आलेली. नवरा कतारला गेला तो तिकडंच काविळीनं वारला, त्यालाही बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नाही. लोक म्हणायचे, ताजबी जरा हरवलेली असते. असायचीच. दूध ढवळता ढवळता तिची तंद्री लागायची आणि गिऱ्हाईक सुटे पैसे मुठीत धरून ताटकळत राहायचं. पण तिच्या हातून दूध एकदाही करपलं नाही, हे त्या लोकांनी कधी बोलून दाखवलं नाही. आपल्याकडे बाईच्या तंद्रीची चर्चा होते, तिच्या दुधाची होत नाही.

गोष्ट दोन हजार पाच-सहा सालची. भारनियमन असं भारदस्त नाव घेऊन अंधार दारात यायचा आणि पाहुण्यासारखा ठाण मांडून बसायचा. अख्खा वाडा गपगार. फक्त बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर धडधडत असायचा, कारण मासळी काही भारनियमन ओळखत नाही. कारखान्याच्या मालकानं ताजबीच्या फ्रीजसाठी भिंतीतून एक वायर दिली होती, महिन्याकाठी फिरनीच्या बोलीवर. त्यामुळं सगळीकडं अंधार असताना तिच्या फळीवर तेवढा एक पिवळा दिवा लागलेला दिसायचा.

आणि नेमक्या त्याच वर्षांत घराघरांत मोबाइल आले. मस्कतहून, दोह्याहून, मुंबईहून माणसं बोलायला लागली, आणि इकडं फोन मरून पडलेले.

पहिली आली ती मिरजोळ्याची विमला. ती बंदरावर कोळंबी निवडायला यायची. तिचा नवरा केरू मुंबईला गोदीत कामाला होता. रोज संध्याकाळी तो एक मिसकॉल द्यायचा. एकदा वाजून बंद झाला की समजायचं, माणूस सुखरूप खोलीवर आला. पैसे न खर्चता संसार चालवायची ही युक्ती तेव्हा घरोघरी होती.

"बाय, फोन मेलाय परवापासनं," विमला रडकुंडीला येऊन म्हणाली. "त्ये माणूस तिकडं वाजवत बसलं आसंल. तुज्या फ्रीजच्या बाजूला वाईच लावू काय?"

ताजबीनं फ्रीजशेजारचा खटका दाखवला. फोन ठेवायचा कुठं? फळी ओली, खाली पाणी. तिनं हाताला आली ती कोरडी कटोरी पुढं सरकवली. विमलाचा फोन त्या मातीच्या कटोरीत तिरका बसला, त्याचा हिरवा उजेड कटोरीच्या तळाशी पसरला. थोड्या वेळानं केरूचा मिसकॉल आला. फोन थरथरला, आणि त्याबरोबर माती घुमली. बारीक, गोड, कुणीतरी ओठ मिटून गुणगुणावं तशी. ताजबी हातातला डाव विसरून ऐकत राहिली.

मग काय, आठवड्याभरात फळीवर कटोऱ्यांची रांग लागली. कारखान्यातल्या वायरमननं खटक्यांची एक पट्टी करून दिली. जाड पिनचे, बारीक पिनचे चार्जर गोळा झाले. फिरनी खा आणि फोन भरून घेऊन जा. चार्जिंगचं ताजबी काही घ्यायची नाही. कुणाचा फोन कुठला, हे कळायला ती कटोरीवर कोळशानं खूण काढायची: कुणाला मासा, कुणाला चांद, कुणाला नुसताच डोळा. तिचा नियम एकच होता. दुसऱ्याच्या फोनचं बटण ती दाबायची नाही. वाजला तर कटोरी उचलून मालकाच्या हातात द्यायची, मालक नसेल तर वाजू द्यायची.

दुपारी गिऱ्हाईक नसताना ती स्टुलावर बसून ऐकायची. प्रत्येक कटोरीचा आवाज वेगळा. जाड बुडाची खोल घुमायची, पातळ बुडाची किणकिणायची. ही हाक दोह्याहून आलेली. ही हर्णैहून, मासळीच्या लिलावातून, कुणीतरी भाव विचारत असेल. कुणी विचारत असेल, जेवलीस का. ताजबीला वाटायचं आपण समुद्राच्या तळाशी बसलोय आणि सगळ्यांची बोलणी आपल्या डोक्यावरून होड्यांसारखी चालली आहेत. तिचा स्वतःचा फोन नव्हता. तिला फोन करणार तरी कोण होतं?

लग्नांची कामं ताजबी आधीपासून घ्यायची. आता वधूपक्षाची माणसं फिरनी ठरवतानाच विचारायला लागली, "फोनाची फळी पन आनशील ना?" मांडवात जनरेटर असायचाच. जनान्यात, म्हणजे बायकांच्या बाजूला, एका कोपऱ्याला फिरनी, दुसऱ्याला फोनांच्या कटोऱ्या, मदतीला विमला. अडचण एकच होती. पुरुष बसायचे कनातीच्या कापडी पडद्यापलीकडं. त्यांचे फोन इकडं आणायचे कुणी, आणि वाजले की पलीकडं न्यायचे कुणी?

हे काम करायला लागला युसुफ.

युसुफ पन्नाशीचा, जहाजावर स्वयंपाकी. वीसेक वर्षं दर्यावर काढलेली. बायको लग्नानंतर दोन वर्षांत बाळंतपणात गेली, त्यानंतर त्यानं पुन्हा घर केलं नाही. एक करार संपला की गावी यायचा, काही महिने लग्नांत बावर्च्याच्या हाताखाली देगी सांभाळायचा, आणि मुंबईच्या एजंटाचा फोन आला की पुन्हा जहाजावर. ताजबी कनातीच्या कडेला कटोरी ठेवून चमच्यानं दोनदा टकटक करायची. खालून त्याचा हात यायचा आणि कटोरी अलगद निघून जायची. कित्येक दिवस तिनं त्याचा नुसता हातच पाहिला. भाजल्याचे जुने डाग असलेला, नखं स्वच्छ कापलेला हात. असल्या हातावर भाळावं असं त्यात काही नव्हतं. पण भाळणं असं कुणाला विचारून थोडंच येतं?

पुढं तो दुकानातही यायला लागला. दर जुम्याला, शुक्रवारची नमाज झाली की. त्याच्या कटोरीवर ती होडी काढायला लागली तर म्हणाला, "होडी नको गो. मना समिंदराचा कंटाळा आयलाय. माड काढ."

"माड कशाला, युसुफभाय?"

"एका जाग्यावर उभा तरी रवतो."

तिनं माड काढला. तो फिरनी खायचा, हळूहळू, कडेकडेनं. बोलायचा कमी. कधी सांगायचा, अमुक बंदरात पहाटे पाव भाजल्याचा वास थेट डेकवर येतो. तमुक ठिकाणी पाणी इतकं शांत की त्यात उडी मारायचीही लाज वाटावी. ताजबी ऐकता ऐकता त्या पाण्यावर जाऊन यायची. फोन भरला की तो उठायचा. असं सगळा हिवाळा चाललं.

विमलानं एकदा ते पाहिलं. युसुफ नुकताच फोन देऊन हात धुवायला गेला होता. विमला कटोरीत डोकावली आणि तिनं तोंडावर पदर धरला.

"बाय, ह्येच्या फोनची समदी बॅटरी भरल्याली हाय. घरनंच भरून आनतो त्यो."

"कायतरीच."

"बघ की. चारी काड्या हायत."

ताजबीनं पाहिलं. काड्या चारी होत्या. पुढच्या जुम्याला तिनं चोरून पाहिलं, तेव्हाही होत्या. त्या रात्री तिला झोप लागली नाही आणि सकाळी तिनं दुधात साखर दोनदा घातली. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाचीच तिला भीती वाटत होती. विधवा बाई, वाडा बारीक नजरेचा, आणि माणूस असा की कधीही उठून दर्याकडं चालू लागेल. त्यानं काही विचारलं नाही. तिनंही तोंडातून ब्र काढला नाही. दोघंही भरलेला फोन भरत राहिली.

एप्रिलात राजिवड्याला एक मोठं लग्न होतं. सकाळी मांडवात शिरता शिरता युसुफनं कनातीपाशी थांबून आपला फोन दिला. आवाज नेहमीसारखाच, पण डोळे खाली.

"आज एजंटाचा फोन येल. जहाज लागलाय. होय का नाय, आजच सांगाचा हाय. नाय उचलला तर तो दुसऱ्याला घेल."

"आनि तुमी काय सांगनार?"

"इकडं माझा हाय कोन, ताजबी? कोन रव म्हनला तर मानूस रवतो." एवढं बोलून तो देगींकडं निघून गेला.

याहून सरळ युसुफ कधी बोलला नसेल. ताजबी कटोरी हातात घेऊन उभीच राहिली. मग तिनं फोन चार्जिंगला लावला, फिरनीवर पिस्त्याचे काप टाकले, बायका-पोरींना कटोऱ्या दिल्या. सगळं करत होती आणि कशातच नव्हती. निकाह झाला, खजूर वाटले. पुरुषांच्या पंगतीला थाळ लागले. पलीकडून भांड्यांचा, हसण्याचा आवाज येत होता. अत्तर, तूप आणि दुपारचं ऊन यांनी मांडव जड झाला होता. बायका एकमेकींना टेकून डुलक्या काढत होत्या.

तेवढ्यात माडाची कटोरी घुमली.

ताजबीनं ती उचलून कनातीच्या कडेला ठेवली आणि चमच्यानं टकटक केली. हात आला नाही. पुन्हा केली. विमलानं फटीतून पाहिलं. युसुफ पार पलीकडच्या टोकाला थाळात वाढत होता. सगळ्यांचे फोन त्यानं नेले. त्याचा स्वतःचा न्यायला कुणी नव्हतं.

कटोरी घुमत राहिली. ताजबी तिच्याकडं बघत राहिली. तिला दिसलं, हा आवाज थांबतोय. जुमा येतोय, मग पुढचा जुमा. पावसाळ्यात पत्र्यावर सरी वाजतायत आणि तो आत बसून कडेकडेनं फिरनी खातोय. कुठं जायचं नाही, काही सांगायचं नाही. नुसतं आता गप्प बसायचं. एवढं सोपं.

कटोरी थांबली.

"ऱ्हाऊ दे, बाय," विमला कानाशी म्हणाली. "वाजला आनि बंद झाला. कोन इचारतंय? ऱ्हाईल त्यो हितंच."

राहील. पण मग तो फोन चुकला म्हणून राहील. मला सोडून जाववत नाही म्हणून नव्हे. आणि दर जुम्याला समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघून मी हे गिळणार. ताजबीला एकदम स्वतःचा राग आला. अख्ख्या मिरकरवाड्याचे फोन जपले, आणि ज्याचा जपायचा त्याचाच बुडवायला निघाले!

कटोरी पुन्हा घुमली.

ताजबीनं चार्जरची पिन ओढली, ओढणी डोक्यावर सारखी केली, कटोरी दोन्ही हातांत धरली आणि कनात बाजूला सारून पलीकडं गेली.

लग्नाच्या पंगतीत पुरुषांमधून बाई चालत गेली, हे त्या मांडवानं कधी पाहिलं नव्हतं. घास हातात राहिले. कुणीतरी म्हातारा खाकरला. ताजबीला थाळ दिसत नव्हते, माणसं दिसत नव्हती. तिच्या तळहातात माती थरथरत होती आणि ती थरथर खांद्यापर्यंत चढत होती. मांडव केवढा लांब झाला होता! ती चालत होती की तरंगत होती, हे तिला पुढंही कधी सांगता आलं नाही.

युसुफ वळला. एका हातात डाव, दुसऱ्यात कालवणाचं भगुणं, कोपरापर्यंत तूप.

"तुझा फोन हाय," ती म्हणाली. "उचल. पन जाव नको, युसुफ."

मोठ्यानं नाही म्हणाली. पण पंगत इतकी चिडीचूप होती की शेवटच्या थाळापर्यंत ऐकू गेलं. आजवर 'भाय' म्हणणारी बाई आज नुसतं नाव घेऊन बोलली, हेही सगळ्यांनी ऐकलं. युसुफ तिच्याकडं बघत राहिला. भगुणं खाली ठेवावं हेही त्याला सुचलं नाही. फोन वाजायचा थांबेल म्हणून शेवटी ताजबीनंच अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं आणि कटोरी त्याच्या कानाशी उंच धरली.

युसुफ मान वाकवून कटोरीत बोलायला लागला.

"जी साब. होय, युसुफच बोलतोय... नाय साब. दुसऱ्याला घ्या."

पलीकडचा माणूस काहीतरी तावातावानं विचारत होता. जहाज चांगलं आहे, पगार चांगला आहे, मग झालं काय? ताजबीनं कटोरी आणखी जवळ धरली. युसुफनं तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.

"काय झाला नाय, साब," तो म्हणाला. "मी घरी आयलंव."